स्वस्त आणि झपाट्याने वाढणाऱ्या भागात शिफ्ट होताय? ट्रक बोलवायच्या आधी एवढं उरकून घ्या

सगळ्यात आधी एक वही घ्या आणि पानावर दोन रकाने पाडा. ॲप नको, वहीच बरी पडते. डावीकडे जागा बदलली की खाली येणारे खर्च लिहायचे आणि उजवीकडे कुठेही गेलात तरी तेवढेच राहणारे. डावीकडे येतं घरभाडं, घरकामाची मदत, प्लंबर-सुतार, पाळणाघर. उजवीकडे मोबाईल, लॅपटॉप, गाडी, औषधं, विम्याचे हप्ते, जुनं कर्ज. आता बघा डावी बाजू किती छोटी निघते ती. स्वस्ताई म्हणजे बहुतेक वेळा जागा आणि माणसाची मजुरी एवढंच स्वस्त असतं, कारखान्यातून खोक्यात येणाऱ्या वस्तूला तुम्ही कुठे राहता याचं काही पडलेलं नसतं. समजा तुमच्या खर्चात भाडं 40 टक्के आहे आणि तिकडे ते निम्म्यावर आलं, तर एकूण खर्च कमी झाला 20 टक्के. निम्मा नाही! आम्ही उत्साहाच्या भरात निम्माच धरून चाललो होतो. वर काही खर्च नवीन लागतात, बसची सोय नाही म्हणून दुसरी गाडी, सणाला आईवडिलांकडे जायचं तिकीट, ते तिसऱ्या रकान्यात लिहा आणि तो रकाना मुद्दाम मोठा ठेवा.

मग पगाराचं. घरून काम करत असाल तर एचआरला आधी विचारा, आणि उत्तर ईमेलवरच घ्या, फोनवर कोणी काय बोललं ते नंतर कुणालाच आठवत नाही. 2020 च्या मे महिन्यात फेसबुकने उघडच सांगून टाकलं होतं की स्वस्त ठिकाणी राहायला जाल तर पगार त्या ठिकाणाप्रमाणे ॲडजस्ट होईल, आणि हे करणारी ती एकटीच कंपनी नव्हती. वरची 20 टक्क्यांची बचत आणि पगाराला 20 टक्के कात्री, असं झालं तर बरोबरीही नाही, तोटाच, कारण पगार खर्चापेक्षा मोठा असतो (असावा तरी). नवरा-बायको दोघं कमावते असाल तर दुसऱ्याच्या नोकरीचं काय हे आधी ठरवा. "तिथे गेल्यावर बघू" हे वाक्य आमच्याकडे सात महिने चाललं.

आता तो भाग वाढतोय म्हणजे नक्की कशाच्या जोरावर वाढतोय ते शोधा. एकाच धंद्यावर असेल तर सावध. अमेरिकेत नॉर्थ डकोटामध्ये विलिस्टन नावाचं लहानसं शहर आहे, तेलाच्या जोरावर 2010 ते 2020 मध्ये वस्ती साधारण 15 हजारांवरून 29 हजारांवर गेली. मधल्या काळात घरं पुरेनात, भाडी मोठ्या शहरांच्या वर गेली, लोक गाड्यांमध्ये झोपत होते. मग 2014 च्या मध्याला 100 डॉलरच्या वर असलेलं तेलाचं पिंप 2016 च्या सुरुवातीला 30 च्या खाली आलं आणि कामं गेली. दोन्ही बाजूंनी मार, आधी भाडं चढतं म्हणून आणि नंतर नोकरी जाते म्हणून. त्यामुळे तिथल्या नोकरीच्या जाहिराती महिनाभर रोज चाळा, चार-पाच वेगवेगळ्या प्रकारची कामं दिसली पाहिजेत. सगळ्या जाहिराती बांधकामाच्या आणि घरं विकणाऱ्यांच्याच असतील तर ती वाढ म्हणजे फक्त वाढीच्या आशेची वाढ आहे.

बघायला जाताना सुट्टीत छान हवेत जाऊ नका, सगळ्यात वाईट ऋतूत जा आणि जमलं तर महिनाभर भाड्याने राहून बघा. घर बघताना सकाळी जा, सगळ्यांची आंघोळीची वेळ असते तेव्हा, आणि नळाखाली बादली लावून मोबाईलवर वेळ मोजा. घरमालक विचित्र नजरेने बघतो, बघू दे. वरच्या मजल्यावर आमची 20 लिटरची बादली भरायला नऊ मिनिटं लागली, तेवढ्यावर ते घर सोडलं. इंटरनेटचा स्पीड दारात उभं राहून नाही, जिथे टेबल टाकणार त्या खोलीत चेक करा, आणि डाउनलोडपेक्षा अपलोड बघा, व्हिडिओ कॉल त्यावर अडतो. वीज किती वेळा जाते ते शेजाऱ्यांना विचारा, मालकाला विचारून काही उपयोग नाही. आणि खिडकीबाहेर मोकळा प्लॉट दिसला तर खूश होऊ नका, वाढत्या भागात मोकळा प्लॉट म्हणजे उद्याची साइट. आमच्या खिडकीसमोर सकाळी सातला मिक्सर सुरू व्हायचा, आणि दुपारपर्यंत लॅपटॉपच्या कीबोर्डवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी सिमेंटची पूड.

हॉस्पिटल किती किलोमीटरवर आहे ते विचारू नका, किती मिनिटांवर ते विचारा, तेही ट्रॅफिकच्या वेळी स्वतः गाडी चालवून. स्ट्रोकमध्ये गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते देणारं हॉस्पिटल म्हणजे कोपऱ्यावरचा दवाखाना नव्हे. घरात वयस्कर माणूस असेल तर यादीत हे भाड्याच्याही वर. मुलं असतील तर आधी शाळेची जागा पक्की करा आणि मग घर शोधा, उलटं नको, वस्ती वाढते तेवढ्या वेगाने शाळा वाढत नाहीत.

पहिलं वर्ष घर विकत घ्यायचंच नाही, दलाल कितीही म्हणू दे की भाव चढताहेत. भाड्याच्या करारात दरवर्षी किती वाढ ते टक्क्यांत लिहून घ्या, तोंडी "थोडीशी" चालत नाही. इकडचं घर स्वतःचं असेल तर लगेच विकू नका, वर्षभर भाड्याने द्या, कारण महागड्या शहरातून बाहेर पडणं सोपं आणि परत शिरणं फार अवघड. सहा महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात ठेवा, ट्रकचे आणि डिपॉझिटचे पैसे त्यात धरायचे नाहीत.

कागदपत्रांची फाइल स्वतःच्या खांद्यावरच्या बॅगेत, ट्रकमध्ये कधीच नाही. जुना मोबाईल नंबर सगळीकडचे ओटीपी नवीन नंबरवर येईपर्यंत बंद करू नका. बँक, विमा, लायसन्स, मतदार यादी, सगळीकडे पत्ता बदलायचा असतो, एका दिवशी बसून होत नाही, रोज एक करा.

सामानाचं म्हणाल तर न्यायचं त्याच्या निम्मं टाका. तिथल्या दाराची आणि जिन्याची मापं टेपने घेऊन या, सोफा जिन्याच्या वळणावर अडकला की चार माणसं तुमच्याकडे बघत उभी राहतात आणि तुम्ही सोफ्याकडे. फ्रिज आडवा नेला असेल तर पोचल्या पोचल्या चालू करू नका, काही तास उभा राहू द्या, कॉम्प्रेसरचं तेल जागेवर येऊ द्या. पहिल्या रात्रीची बॅग वेगळी भरा, त्यात औषधं, चार्जर, दोन बल्ब, टॉवेल, चादरी आणि स्क्रूड्रायव्हर. आमचा स्क्रूड्रायव्हर ट्रकच्या तळाच्या खोक्यात गेला होता, पलंग सुटा पडलेला आणि आम्ही तीन रात्री गाद्या जमिनीवर टाकून झोपलो.