ट्रॅकला जायच्या आधी ब्रेकवर किती खर्च करायचा?

परवा सोलापुरात होटगी रोडला चहा पिताना मित्रानं मोबाईल पुढं केला. सहा पिस्टनचे लाल कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला पॅडनं चिमटा काढतो तो भाग), परातीएवढी डिस्क, आणि म्हणतो, काय बे, घेऊन टाकू का, पुढच्या महिन्यात चेन्नईच्या रेसट्रॅकला जायचंय. त्या पैशात एक बरी सेकंडहँड हॅचबॅक आली असती. मी एवढंच विचारलं की ब्रेक ऑइल कधी बदललंस, तर गडी गप्प.

मी पण असाच गेलो होतो पहिल्यांदा. निघायच्या आधी गाडी एका वर्कशॉपला दाखवली, ब्रेक चकाचक आहेत म्हणाले, विजापूर, चित्रदुर्ग, बंगळुरू करत इरुंगट्टुकोट्टईला, म्हणजे चेन्नईजवळच्या ट्रॅकला, पोचलो, पहिलं सेशन मस्त झालं, आणि दुसऱ्या सेशनमध्ये लांब सरळ पट्टा संपताना ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल गपकन खाली मॅटला टेकलं. दोनतीनदा पटापट पंप मारल्यावर थोडा ब्रेक लागला, तोवर गाडी मातीत. नशीब तिथं मोकळी जागा होती.

आपल्याकडं काय होतंय, रस्ते सपाट. जास्तीत जास्त तुळजापूरचा घाट, त्यामुळं ब्रेक खरे तापतात म्हणजे काय हे कधी कळतच नाही. हिशोब सोपा आहे, वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते. ८० वरून गाडी पूर्ण थांबवताना जेवढी उष्णता तयार होते, त्याच्या साधारण साडेचार पट १८० वरून ६० वर आणताना होते, आणि ट्रॅकवर अशी ब्रेकिंग प्रत्येक लॅपला, मधे गार व्हायला फुरसतच नाही. डिस्क ५०० अंशांच्या वर सहज जाते.

आता खर्च करायच्या आधी ब्रेक नेमका कुठं कमी पडतोय ते पायाला विचारायचं. पेडल मऊ पडून खाली जात असेल तर ऑइल उकळलंय, त्यात वाफेचे बुडबुडे झालेत आणि तुमचा पाय ते बुडबुडे दाबत बसलाय. पेडल दगडासारखं घट्ट आहे, जीव खाऊन दाबताय आणि गाडी तरी थांबत नाही, तर पॅड, म्हणजे डिस्कवर घासणारी गादी, त्याला सोसतं त्याच्यापेक्षा जास्त तापलाय. दोन्हीला लोक ‘ब्रेक फेल’ म्हणतात पण औषध वेगळं आहे, आणि मोठा कॅलिपर हे दोन्हींपैकी कशाचंच पहिलं औषध नाही.

ऑइल आधी. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं, पावसाळ्यात डब्यातलं मीठ ओलं होतं तसं, आणि ओल आत गेली की उकळायचा बिंदू खाली येतो. डॉट ४ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) चं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत टिकलं पाहिजे असा नियम आहे, ओल धरलेल्यासाठी तोच आकडा १५५ आहे. एवढा फरक! ट्रॅकसाठी मोतुलचं आरबीएफ ६०० सारखं ऑइल घ्या, नवं असताना ३१२ अंश सहन करतं. डॉट ५ चुकूनसुद्धा नको, ते सिलिकॉनचं असतं, आपल्या ऑइलमध्ये मिसळत नाही. डॉट ५.१ मात्र चालतं, नावावरून गोंधळ होतो लोकांचा.

बदलायला दोन माणसं लागतात. गाडी सपाट जागेवर, नुसत्या जॅकवर नाही तर स्टँडवर, चाकं काढलेली. फेंडरवर आपला सोलापुरी टॉवेल टाका, ब्रेक ऑइल रंग खातं, सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा. निप्पलला, म्हणजे कॅलिपरवर ऑइल काढायचा छोटा स्क्रू असतो त्याला, रिंग पाना, त्यावर पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीत थोड्या ऑइलमध्ये बुडवलेलं. मी पुतण्याला आत बसवतो, ‘दाब’, तो ‘दाबलं’ म्हणाला की निप्पल पाव फेरा सैल, ऑइल येतं, निप्पल बंद, मग ‘सोड’. आधी बंद, मग सोड, उलटं केलंत की हवा आत. माझ्या त्या जुन्या ऑइलचा रंग उकळून काळ्या झालेल्या चहासारखा होता, स्वच्छ यायला लागलं की मग दुसरं चाक. कुठल्या चाकापासून सुरू करायचं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. आणि बॉनेटखालची ब्रेक ऑइलची टाकी मधे मधे भरत राहा, ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून.

मग पॅड. कंपनीचे पॅड सकाळी गार असताना पण धरावेत म्हणून बनवलेले असतात. ट्रॅकचे पॅड उलटे, गार असताना कमी धरतात, किंचाळतात, चाकं काळी करतात. सोलापूरहून चालवत जाऊन चालवतच परत यायचं असेल तर मधला, रस्ता आणि ट्रॅक दोन्हीला चालणारा पॅड बरा. नवे पॅड बसवून थेट फास्ट लॅपला जाऊ नका, पॅडच्या कंपनीनं सांगितलंय तसे आधी डिस्कवर घासून रुळवून घ्या, म्हणजे वेग कमी करत आठदहा ब्रेक, पूर्ण न थांबता, आणि मग गार होऊ द्यायचे.

डिस्क? भोकं पाडलेली दिसायला भारी, पण ट्रॅकवर भोकांपासूनच तडे जातात. साधी किंवा खाचेची घ्या. ब्रेक ऑइलचे रबरी होज (नळ्या) जुने असतील तर स्टीलच्या जाळीचे घाला, पेडल घट्ट लागतं.

आता मोठी किट, म्हणजे मित्रानं दाखवलेले ते मोठे कॅलिपर आणि डिस्क. गार ब्रेकवर जोरात दाबल्यावर एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लागतंय ना? म्हणजे टायर लॉक करायची ताकद आहेच, आता गाडी थांबवणार टायर, तेव्हा मोठ्या डिस्कनं अंतर कमी होत नाही. मोठी डिस्क म्हणजे बिडाचा जाड तवा, उशिरा तापते, जास्त उष्णता पोटात घेते, बस. उलट पुढचे पिस्टन बिनहिशोबी मोठे केले की मागचे ब्रेक नुसते नावाला राहतात, मूळ चाकं बसत नाहीत, स्टेपनी बसत नाही. तेव्हा नवं ऑइल, ट्रॅकचे पॅड, चांगले टायर, शक्य असल्यास डिस्ककडं हवा नेणारा पाइप, एवढं करूनही वीस मिनिटांच्या सेशनमध्ये ब्रेक सुटत असतील, किंवा गाडी जड आणि इंजिनची पॉवर वाढवलेली असेल, तर किट घ्या, पैसे वाया नाहीत.

बाकी पैसे न लागणारं एक काम. शेवटचा लॅप ब्रेक न मारता हळू काढायचा. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेली डिस्क पॅडमध्ये अडकून राहते, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. गार झाल्यावर पॅड बघा, निम्म्याच्या खाली गेलेला असेल तर उष्णता थेट पिस्टनला आणि तिथून ऑइलला जाते, मग परत तेच पेडल मॅटला.

मित्रानं सध्या ऑइलचे दोन डबे आणि पॅड मागवलेत. रविवारी माझ्याकडं येणार आहे, आत बसून ‘दाबलं’ म्हणायला.