एक सेल वर, शेजारचा खाली

माझा चार सेलचा लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पॅक. बीएमएसच्या (सेलवर नजर ठेवणाऱ्या सर्किटच्या) अ‍ॅपमध्ये दुसरा सेल ३.४१ व्होल्ट, तिसरा ३.२१, बाकी दोन ३.३१ वर निवांत. बॅलन्सिंग (सगळे सेल सारख्या व्होल्टेजवर आणणं) चालू असताना दुसऱ्या-तिसऱ्याचे आकडे चक्क अदलाबदल करायचे. शेजारचे सेल, एक जितका वर तितकाच दुसरा खाली, बेरीज तीच: असं दिसलं की सेल बदलायला धावू नये, दोघांमधली सामाईक सेन्स वायर (बीएमएसची व्होल्टेज मोजायची तार) बघावी.

लोड काढून मल्टिमीटरचे प्रोब थेट टर्मिनलवर टेकवले (सेल जोडणाऱ्या पट्टीवर, म्हणजे बसबारवर नाही, नटवरही नाही). चारही ३.३१. सेल ठणठणीत!

त्या सेन्स वायरच्या टोकाला रिंग लग (टर्मिनलवर बसणारी धातूची कडी) असतो; त्याच्या क्रिंपमध्ये, म्हणजे दाबून केलेल्या जोडात, तार हलत होती, खाली काळपट थर. याच तारेतून जाणारा बॅलन्सिंगचा करंट जेमतेम ५० मिलिअँपिअर, पण सांध्याचा रोध दोन ओहम झाला की तिथेच ०.१ व्होल्ट पडतो. नवा लग क्रिंप केला, टर्मिनल बारीक पॉलिश पेपरने घासून पुसलं, नट आवळला. पान्याला टेप गुंडाळलेली हवीच; दोन टर्मिनलवर आडवा पडला तर थेट शॉर्ट.

आता चारही सेलमधला फरक चार-पाच मिलिव्होल्ट. तेवढा चालतो.