शेतात जुनी मूर्ती निघाली तर काय करायचं

आपल्या सातारा-सांगलीकडं विहीर काढताना नाहीतर शेततळ्याला जेसीबी लावल्यावर कधीकधी बकेटला कोरीव दगड लागतो. तसं झालं तर आधी जेसीबी बंद करायला सांगा. साखळी बांधून ओढायचं तर नावच नको, मातीत शेकडो वर्षं नीट राहिलेली मूर्ती बाहेर काढतानाच मोडते.

मग ती आहे तशीच ठेवून मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढा, लोकेशन चालू ठेवा, शेजारी टेप नाहीतर नाणं ठेवा म्हणजे साईझ कळतो. किती फुटांवर लागली, उताणी का पालथी, आजूबाजूला विटा, खापरं, राख काय आहे ते लिहून ठेवा, कारण देऊळ पडून ती गाडली गेली का कुणी मुद्दाम पुरली हे त्या मातीवरूनच कळतं. स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या मोठ्या चर्चशेजारी १९८६ साली संतांच्या मध्ययुगीन मूर्ती निघाल्या, सगळ्या फोडलेल्या. १५२८ ला तिथं धर्मसुधारणेच्या, म्हणजे चर्चमध्ये मूर्ती नकोत म्हणणाऱ्या ख्रिस्ती चळवळीच्या लाटेत मूर्ती फोडल्या आणि तुकडे सरळ भरावात टाकले. तेच तुकडे कुणी गुपचूप उचलून विकले असते तर हा हिशोब लागलाच नसता.

आता सगळ्यात अवघड काम, गावकऱ्यांना आवरणं. पाणी मारू नका, ब्रश नको, शेंदूर आणि ऑइल पेंट तर नकोच, तांब्या-पितळेची असेल तर चिंच लावून घासू नका. हळदकुंकू वाहायचंच असेल तर समोर जमिनीवर वाहा. सावलीसाठी वर ताडपत्री बांधा, अंगाला गुंडाळू नका.

प्रत्येक कोरीव दगड म्हणजे देव नव्हे बरं का. खाली लढाई, मध्ये अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्र-सूर्य असे टप्पे दिसले तर तो वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. कोपरात वाकलेला बांगड्यांचा हात असेल तर सतीचा दगड.

तलाठी, पोलीस पाटलांना लगेच कळवा, पण तोंडी सांगून भागत नाही. १८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेला ठेवा) कायद्यानं दहा रुपयांच्या वरची जमिनीत सापडलेली वस्तू कलेक्टरला लेखी कळवावी लागते, काय सापडलं, कुठं, कुठल्या तारखेला. लपवली तर शिक्षा आहे आणि आपला हक्कही जातो. अर्जाची पोच घ्या, मूर्ती हलवायच्या आधी पंचनामा करून घ्या आणि त्याची कॉपी मागा.