घरी बांधायच्या मॉड्युलर सिंथसाठी ऑसिलेटरची चिप कशी निवडावी

चिप विकत घेण्याआधी एक गोष्ट ठरवावी: ऑसिलेटर (आवाजाची मूळ लहर निर्माण करणारे सर्किट) कीबोर्डवरून सुरात वाजवायचा आहे, की केवळ अखंड गुंजारव आणि मंद हेलकावे यांसाठी हवा आहे? सुरात वाजवायचा असेल, तर नियंत्रक व्होल्टेज एक व्होल्टने वाढताच वारंवारता नेमकी दुप्पट झाली पाहिजे. म्हणजेच एका अर्धस्वराच्या वाट्याला जेमतेम ८३.३ मिलिव्होल्ट येतात. हे गणित एका ठरावीक तापमानाला जमवणे फारसे अवघड नसते, खरी कसोटी तापमान बदलल्यावर लागते. ज्या ट्रान्झिस्टर-जोडीवर हे घातांकी रूपांतर (व्होल्टेजच्या समान वाढीला वारंवारतेची समान पट) अवलंबून असते, तिचे प्रमाण दर अंशाला सुमारे ०.३३ टक्क्यांनी सरकते. भरपाईची सोय नसेल, तर पाच अंशांच्या फरकाने संदर्भस्वरापासून प्रत्येक सप्तकामागे जवळपास २० सेंट, म्हणजे अर्धस्वराचा पाचवा हिस्सा, चूक साचत जाते आणि ती कानाला स्पष्ट जाणवते.

म्हणूनच पहिल्या सुरेल ऑसिलेटरसाठी मी निःसंकोचपणे ३३४० घराण्यातील ऑसिलेटर-चिपची शिफारस करतो, कारण तापमानाची भरपाई या चिपच्या आतच केलेली असते आणि करवती, त्रिकोणी व पल्स या तिन्ही लहरी तिच्यातून थेट मिळतात. मूळ सीईएम३३४० चे उत्पादन २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाले. शिवाय लाटव्हियातील अल्फा कंपनीची एएस३३४० आणि कूलऑडिओची व्ही३३४० याही मिळतात. त्यामुळे जुन्या, संशयास्पद चिपांच्या मागे लागण्याचे कारण उरलेले नाही. जोडणी करताना मात्र ऋण पुरवठ्याच्या पिनला उणे १२ किंवा उणे १५ व्होल्ट थेट देऊ नयेत. आत झेनर (व्होल्टेज ठरावीक पातळीला रोखणारा डायोड) असल्यामुळे डेटाशीटमधील सूत्राने काढलेला रोधक मध्ये घालणे अनिवार्य आहे. वारंवारता ठरवणारा १००० पिकोफॅरडचा कपॅसिटर पॉलिस्टायरीनचा किंवा सी-शून्य-जी (तापमानाने जवळजवळ न बदलणारा सिरॅमिक) प्रकारचा असावा. इथे साधा सिरॅमिक वापरला, तर चिपमधील सगळी भरपाई वाया जाते.

एसएसआय२१३० ही नवी चिपही उत्तम आहे, पण ती केवळ ३२ टोकांच्या, बिनपायांच्या बारीक वेष्टनात मिळत असल्याने सोल्डरिंगचा हात बसलेला नसल्यास ती टाळावी. एक्सआर२२०६ या लहरी निर्माण करणाऱ्या चिपला घातांकी रूपांतरक बाहेरून जोडावा लागतो. गुंजारवासाठी ४०१०६ ही साधी लॉजिक चिप पुरेशी आहे: एका चिपमध्ये सहा ऑसिलेटर होतात, परंतु त्यांची वारंवारता पुरवठ्याच्या व्होल्टेजबरोबर आणि चिपगणिक बदलते, म्हणून तिच्याकडून सुरांची अपेक्षा ठेवू नये.

३३४० जुळवताना सर्किट वीस मिनिटे चालू ठेवून मगच ट्रिमरला (बारीक जुळवणीच्या फिरत्या रोधकाला) हात लावावा. १ व्होल्टला ११० हर्ट्झ लावून २ व्होल्ट द्यावेत. २२० ऐवजी २२२ दिसल्यास सप्तकाचा ट्रिमर किंचित फिरवून पुन्हा १ व्होल्टवर यावे, कारण त्या फिरवण्याने खालचा स्वरही हललेला असतो. दोन्ही आकड्यांचे गुणोत्तर २ होईपर्यंत हे चालू ठेवावे. वरची सप्तके तरीही उतरलेली राहिली, तर उच्च वारंवारतेचा स्वतंत्र ट्रिमर त्यानंतरच वापरावा.