कोयीपासून पीच: रोप हमखास, फळ मात्र थंडीच्या हाती

कोयीतून पीचचं रोप उगवणं सोपं आहे. अडतं ते फळापाशी. हिमाचलात लावतात त्यांतल्या बऱ्याच जातींना हिवाळ्यात ७ अंशांखाली ६०० ते १००० तास लागतात. तेवढी थंडी भरली नाही तर कळ्या नीट फुटतच नाहीत. कोल्हापुरात जानेवारीतल्या पहाटेही पारा १४-१५ च्या आसपास असतो. पन्हाळ्यावर थोडं बरं, पण तेवढ्यानंही भागत नाही.

म्हणून फळ घेतानाच विक्रेत्याला विचारा, माल कुठला? एप्रिल-मेमध्ये येणारा पंजाबकडचा माल बहुधा शान-ए-पंजाब, फ्लोरिडा प्रिन्स अशा कमी थंडीच्या जातींचा असतो. त्यांना १५० ते ३०० तास पुरतात. पण इथं एक गोम आहे. लवकर पिकणाऱ्या फळात गर तयार होतो, आतली बी मात्र कच्चीच राहते. फोडल्यावर निम्म्या कोयींत सुरकुतलेली बी निघाली तरी नवल नाही, त्यामुळं दहा-बारा कोयी तरी जमवा. जूनअखेरीस पिकणाऱ्या शरबतीची बी चांगली भरलेली असते. उत्तरेत तिचीच रोपं कलमाला खुंट म्हणून, म्हणजे कलम ज्यावर बांधतात ते मुळाकडचं झाड म्हणून, वापरतात.

कोय ब्रशनं घासून गर पूर्ण काढा, नाहीतर बुरशी तिथूनच सुरू होते. आठवडाभर सावलीत वाळवा. वाळली की बी आकसून कवचापासून सुटते. मग फोडायची, पण हातोड्यानं नको. कवचाबरोबर बीही चिरडते. कोय बेंच व्हाइसमध्ये (वर्कशॉपमधल्या टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात) अशी धरा की दाब शिवणीवर येईल, आणि हळूहळू आवळा. कट्ट असा आवाज आला की थांबा. घरी व्हाइस नसेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये पाच मिनिटांचं काम. बी बदामासारखीच दिसते, पण खायची नाही आणि मुलांच्या हाती लागू द्यायची नाही. ती चावून खाल्ली की पोटात सायनाइड तयार होतं.

बी रात्रभर पाण्यात भिजवा, लिटरला २ ग्रॅम कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या पाण्यातून काढा आणि ओल्या कोकोपीटमध्ये घालून झिपच्या पिशवीत ठेवा. कोकोपीट मुठीत दाबल्यावर पाणी टपकता कामा नये. पिशवीवर तारीख घाला आणि ती फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, ४ अंशांच्या आसपास ठेवा. फ्रीझरमध्ये अजिबात नाही, पिकलेल्या सफरचंदांशेजारीही नको. पंधरा दिवसांनी एकदा उघडून बघा. मऊ पडलेली, बुरशी आलेली बी लगेच काढून टाका.

असे ९० दिवस. जूनच्या मध्याला पिशवी आत गेली तर रोप सप्टेंबरमध्ये बाहेर येतं, म्हणजे मुसळधार पाऊस फ्रिजमध्येच निघून जातो. मेमध्ये मिळालेल्या कोयी तोवर कोरड्या, न फोडता ठेवा. घाई करून महिनाभरातच बी बाहेर काढली तर एखादवेळी उगवते, पण खोड वाढत नाही आणि बारकी पानं शेंड्याशी गुच्छ करून बसतात. हे खताच्या कमतरतेनं होत नाही, थंडी अपुरी पडल्याचं लक्षण आहे. तिथं युरिया टाकून काही सुधारत नाही.

मूळ १ ते २ सेंटिमीटर झालं की बी लावा, मूळ खाली, ३ सेंटिमीटर खोल. त्याहून लांब मूळ हात लागताच मोडतं. दोन लिटरच्या पिशवीत दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू. नदीकाठची काळी माती एकटी वापरू नका. पीचच्या मुळांना साचलेलं पाणी सोसत नाही, दोन-चार दिवसांतच ती गुदमरतात. पुढं ५० लिटरच्या ड्रममध्ये हलवताना तळाला भरपूर भोकं पाडा, ड्रम विटांवर ठेवा, खाली ताटली नको. जमिनीत लावायचं तर फूटभर उंच वरंब्यावर लावा आणि आळं करू नका.

खोड ६० सेंटिमीटरवर छाटून तीन-चार फांद्या राखा, मधला भाग मोकळा ठेवा. फळ गेल्या वर्षीच्या काडीवर येतं, त्यामुळं दरवर्षी छाटणी लागतेच. कोवळ्या शेंड्यावर मावा येतो. पानं वळायच्या आत निंबोळी तेल, लिटरला ५ मिली, थोड्या साबणाबरोबर फवारा. खोडातून डिंक आला तर आधी पाण्याचा निचरा तपासा.

खोड पेन्सिलीएवढं जाड झालं की त्यावर फ्लोरिडा प्रिन्सचा डोळा भरून घ्या, म्हणजे त्या जातीच्या काडीवरची कळी सालीसकट काढून खोडाच्या सालीत बसवून घ्या. हाच फळाचा सर्वांत भरवशाचा मार्ग, कारण बीचं झाड आईसारखंच निघेल याची खात्री नसते. डिसेंबरमध्ये पाणी कमी करा. राहिलेली पानं हातानं ओरबाडा, पण डोळ्यांना धक्का लावू नका. झाड तीन-चार वर्षांचं झाल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत काही फुलं दिसू शकतात. फळं लागलीच तर सुपारीएवढी झाल्यावर विरळणी करा, दोन फळांत वीतभर अंतर ठेवून, आणि फळमाशीसाठी लगेच कागदी पिशव्या चढवा.