स्मार्ट टायरच्या सेन्सरवरून रस्त्याची पकड काढताना या चुका टाळा

टायरच्या आतल्या बाजूला, ट्रेडच्या (रस्त्याला लागणाऱ्या थराच्या) बरोबर खाली इनर लायनरवर, म्हणजे आतल्या रबरी अस्तरावर, चिकटवलेला तीन अक्षांचा ॲक्सिलरोमीटर (त्वरण मोजणारा सेन्सर). बहुतेक प्रयोग इथूनच सुरू होतात. कार्यशाळेतल्या टेबलावर सगळं नीट चालतं आणि गाडी रस्त्यावर उतरली की आकडे भलतेच येतात.

वापरलेली पकड आणि शिल्लक पकड

सगळ्यात महागात पडणारी गफलत हीच. गाडी सरळ, एका वेगाने चाललेली असताना टायर उपलब्ध पकडीतला अगदी थोडा हिस्सा वापरतो. रस्त्याचा घर्षणांक (पकडीचं माप) 0.8 असो वा 0.4, त्या क्षणी टायरवरचं बल जवळपास तेच असतं. फरक ब्रेक दाबल्यावर कळतो: ताशी 60 किमीवरून थांबायला पहिल्या रस्त्यावर सुमारे 18 मीटर लागतात, दुसऱ्यावर 35. त्यामुळे बलावरून काढलेला अंदाज फक्त ब्रेक, जोराचा पिकअप किंवा वळण चालू असतानाच ग्राह्य धरा. एरवी सेन्सर फार तर पृष्ठभागाचा प्रकार सांगेल, आणि त्यावरून पकड किती असावी याचा पट्टा बांधता येईल. डॅशबोर्डवर ‘0.73’ असा ठाम आकडा झळकवण्यापेक्षा ‘0.6 ते 0.9’ आणि हा अंदाज किती सेकंदांपूर्वीचा आहे, एवढं दाखवणं जास्त प्रामाणिक.

ड्रोनच्या बोर्डवरचा सेन्सर टायरमध्ये

30 सेंमी त्रिज्येचं चाक ताशी 100 किमीने फिरताना ट्रेडजवळ सुमारे 260 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 260 पट) त्वरण असतं, ताशी 120 ला 380 च्या आसपास. ड्रोनमध्ये असतो तसा ±16 जीचा स्वस्त सेन्सर ताशी 25 किमीलाच मर्यादेला टेकतो आणि पुढे आलेख सपाट होतो. ±500 जीचा सेन्सर घ्या.

सॅम्पलिंगचंही, म्हणजे सेकंदाला किती वेळा मोजायचं याचंही, तसंच. रस्त्याला टेकणारा भाग 12 सेंमी लांब धरला तर ताशी 100 किमीला तो 4.3 मिलिसेकंदांत पार होतो. 1 किलोहर्ट्झवर त्यात जेमतेम चार नमुने मिळतात, 10 किलोहर्ट्झवर 43. पण तीन अक्ष, 16 बिट आणि 10 किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला 4,80,000 बिट. एवढा कच्चा डेटा रेडिओवरून पाठवत बसलात तर बटण सेल बघता बघता संपेल. टेकण्याच्या दोन टोकांना आलेखात दिसणारी शिखरं, त्यांमधली वेळ आणि थरथरीच्या काही वारंवारता-पट्ट्यांतली ऊर्जा टायरमध्येच काढा आणि तेवढीच पाठवा.

टेकणाऱ्या भागाची लांबी काढायला गाडीकडून येणारा वेग वापरू नका, तो उशिरा येतो. दोन शिखरांमधली वेळ भागिले एका फेरीची वेळ, गुणिले परीघ: एवढं पुरतं. वारंवारतेचं विश्लेषणही वेळेऐवजी चाकाच्या कोनानुसार नमुने बसवून करा. नाहीतर मॉडेल (नोंदींवरून रस्ता ओळखायला शिकवलेला प्रोग्राम) रस्त्याऐवजी वेगच शिकतं.

चिकटवण्यातली घाई

लायनरवर साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा थर असतो. तो घासून, पुसून काढल्याशिवाय काहीही टिकत नाही. झटपट सुकणारा गोंद कडक होतो आणि टायर दबताना तडकतो. रबरी पॅच आणि पंक्चरचं सोल्यूशन वापरा. सेन्सरचं वजन 10 ग्रॅम असलं तरी ताशी 100 ला तो अडीच किलोहून जास्त जोराने बाहेर दाबला जातो, म्हणून चाक नंतर बॅलन्स करून घ्या. शिखरं बोथट होऊन त्यांच्यामागे लांबलेली थरथर दिसू लागली, तर आधी पॅच सुटतोय का ते बघा.

हवा कमी की ओझं जास्त?

दोन्हींमुळे टेकणारा भाग लांबतो. 33 पीएसआय भरलेल्या टायरमध्ये तापमान 10 अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआयने चढतो. दाब आणि आतलं तापमान प्रत्येक नोंदीसोबत नसेल, तर सकाळचा आणि दुपारचा रस्ता मॉडेलला वेगळा वाटेल.

उसने वर्ग, कच्ची लेबलं

टायर कंपनी ब्रिजस्टोनची सीएआयएस ही टायरमधल्या सेन्सरची पद्धत रस्त्याच्या सात अवस्था ओळखते, पण त्यांतल्या चार बर्फाच्या. जपानमधल्या होक्काइदोच्या महामार्गांवर हिवाळी देखभालीसाठी ती वापरात आली, तिथे हे रास्तच. महाराष्ट्रात पहिल्या पावसात धूळ आणि तेलाचा चिकट थर, शेतातून आलेला चिखल, ओले पांढरे पट्टे हे वर्ग हवेत. आडव्या खाचांचा काँक्रीट रस्ता तर हमखास फसवतो. खाचा 20 मिमी अंतरावर असतील तर ताशी 80 ला 1100 हर्ट्झजवळ ठळक सूर येतो आणि मॉडेल त्याला खडबडीत पृष्ठभाग समजतं.

‘ओला’ हे लेबल डोळ्यांनी लावू नका. मोकळ्या चाचणी मार्गावर, त्याच टायरने, एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागेपर्यंत करकचून ब्रेक मारा. मिळालेलं मंदन (वेग घटण्याचा दर, मी/से² मध्ये) भागिले 9.81 म्हणजे तिथला घर्षणांक. तपासणीसाठी डेटा वेगळा काढताना चाकाच्या फेऱ्या सरमिसळ वाटू नका, कारण एकाच धावेतल्या शेजारच्या फेऱ्या जवळपास जुळ्या असतात आणि अचूकता फुगून दिसते. अख्खा दिवस किंवा अख्खा टायर बाजूला ठेवा.

पंक्चर काढताना

सेन्सर असलेल्या जागेसमोर बाहेरून साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) ठळक खूण करा. स्ट्रिप घालायची आर (टोचणी) थेट सेन्सरमध्ये घुसू शकते. टायरमध्ये ओतायचं सीलंट त्यावर साचलं तर वजन बदलतं, सिग्नल मंदावतो. दुरुस्तीनंतर ओळखीच्या कोरड्या रस्त्यावर ताशी 40 किमीने गाडी चालवून आधीच्या नोंदीशी पडताळा. शिखरांची उंची जुळली नाही तर टायर उतरवून पॅच बघावा लागेल.