जुनं लाकूड कातायचं लेथ घेतलंय? रंग नंतर, आधी स्पिंडल बघा

आमचं लेथ ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून आणलं, सगळं बीडाचं म्हणजे ओतीव लोखंडाचं, दोघांना उचलेना एवढं जड. पण हे वजनच कामाचं, त्यामुळे लाकूड कातताना थरथर कमी होते.

आणल्या आणल्या रंग खरवडायला बसू नका. पट्टा काढा आणि स्पिंडल, म्हणजे लाकूड फिरवणारा दांडा, हाताने फिरवून बघा, खरखर लागते का, मग धरून वर-खाली हलवा, टकटक जाणवली तर बेअरिंग गेलं समजा. खोलताना सांभाळून, काही मशीनवर डाव्या टोकाच्या नटचे आटे उलटे असतात, जोर लावण्याआधी ते नीट बघा. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, डिझेलने पुसला की दिसतो, ६२०५ असेल तर आतलं भोक २५ मिमी, बाहेरून ५२, जाडी १५. दुकानात टू-आरएसवालं मागा, म्हणजे दोन्ही बाजूंना रबर सील, नाहीतर लाकडाचा बारीक भुसा आत शिरतो. आणि स्पिंडलवर चढवताना फक्त आतल्या रिंगला टेकेल असा पाइपचा तुकडा घेऊन हळूहळू ठोका, बाहेरच्या रिंगवर ठोकलं की सगळा मार गोळ्यांवर जातो आणि नवं बेअरिंग तिथेच खराब होतं.

बेडवर, म्हणजे लेथच्या खालच्या लांब सपाट पायावर, ग्राइंडर अजिबात लावू नका. डिझेल चोपडून रात्रभर ठेवा, सकाळी लाकडी ठोकळ्याला ३२० नंबरचा एमरी पेपर गुंडाळून लांबीच्या दिशेने घासा. बोल्ट वगैरे व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून, खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवून, पुसून लगेच तेल लावा. लगेच म्हणजे खरंच लगेच, इथल्या पावसाळ्यात सकाळी घासलेलं उघडं लोखंड संध्याकाळपर्यंत लालसर होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टेलस्टॉक, म्हणजे लाकडाचं दुसरं टोक धरणारा बेडवरचा सरकता भाग, पुढे सरकवून दोन्ही सेंटरची, म्हणजे लाकूड दोन्हीकडून धरणाऱ्या सुळक्यांची, टोकं जवळ आणा आणि मध्ये दाढीचं ब्लेड आडवं-उभं बघून सरळ धरा, मग हलकेच दाबा. सरळ राहिलं तर टोकं जुळतायत, कलंडलं तर नाही. लगेच शिम, म्हणजे उंची जुळवायला पातळ पत्रा, घालू नका, आमच्याकडे टेलस्टॉकच्या तळाला भुसा आणि ग्रीस मिळून दगडासारखा थर बसला होता, तो खरवडल्यावर ब्लेड सरळ उभं राहिलं. तळ आणि टेपरची भोकं, म्हणजे सेंटर बसतात ती निमुळती भोकं, दोन्ही साफ करा, मग ठरवा.

मोटरची वायरिंग आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडूनच तपासून घ्या. १४४० आरपीएमची मोटर, तिच्यावर ३ इंची पुली आणि स्पिंडलवर ६ इंची असेल तर साधारण ७२० मिळतात, सुरुवातीला एवढे भरपूर झाले. हातमोजे, सैल बाही, ओढणी काही नको, फेसशिल्ड मात्र लावाच.

मग रंग लावा, आधी रेड ऑक्साइड आणि त्यावर इनॅमल, पण बेडच्या सरकत्या भागाला आणि टेपरला ब्रश लागू देऊ नका, तिथे फक्त तेल.